दहापैकी साडेसहा

आमच्या सरांनी उभ्या जन्मात कुणाला दहापैकी साडेसहाच्या वर गुण दिले नाहीत. शाळेतल्या पोरांना नाही, बायकोच्या पुरणपोळीला नाही, आणि गावात येऊन तासभर बोललेल्या पुढाऱ्याला तर नाहीच नाही. मी त्यांची खोली बघायला गेले तेव्हा उंबऱ्याशी चप्पल काढून ठेवली. त्यांनी चष्म्यावरून आधी चपलेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "सहा." मी बावचळून उभी. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "घेऊन टाका वं बाई गुपचूप! मले बत्तीस वर्षांच्या संसारात सव्वापाचच्या वर नाई भेटले."

मी तेव्हा सोनाळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात पोस्ट सांभाळायला आले होते. पोस्टाला स्वतःची जागा नव्हती. सरांच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे पोस्ट, आणि तिच्या बाजूची माझी राहायची. सर हायस्कुलातून विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, पण खडू काही निवृत्त झाला नव्हता. तो कायम सदऱ्याच्या खिशात. ज्या वस्तूला गुण दिले त्या वस्तूवर ते आकडा लिहून मोकळे व्हायचे. माठावर पाच, माझ्या टपालपेटीवर साडेपाच, परसातल्या लाल भोपळ्यावर सहा. म्हशीच्या पाठीवर चार लिहिलेला मी स्वतः वाचलाय. दुसऱ्या दिवशी तिनं दूध जास्त दिलं तर त्याचे साडेचार केले होते. माणूस निष्ठुर असेल, पण अन्यायी नव्हता.

खोलीची अट एकच होती. "रविवारी सकाळी अकरा वाजता सभेले हजर राहावं लागन. गैरहजेरी चालनार नाई."

कसली सभा, तर 'मंगळावरचे भाडेकरू'ची.

ही मालिका नुकतीच सुरू झाली होती. एक विसराळू शास्त्रज्ञ, त्याची बायको आणि त्याची सासू असे तिघं मंगळावर भाड्याच्या खोलीत राहतात. घरमालक मंगळाचाच, तीन डोळ्यांचा, हिरवा, आणि लोणच्याचा भलता हावरा. शास्त्रज्ञ दर आठवड्याला एक यंत्र काढणार, ते बिघडणार, घराचं छप्पर उडणार किंवा घरमालकाचा एखादा डोळा बंद पडणार, आणि शेवटी सासू हातातल्या उलथन्यानं सगळं ताळ्यावर आणणार. इतकं झाल्यावरही शास्त्रज्ञ कोट झटकून म्हणणार, "सिद्धांत बरोबर होता, मंगळच चुकला!" की शेवटच्या नावांच्या पाट्या सुरू.

ह्या वाक्याला सर इतके हसायचे, इतके हसायचे, की काकू पाण्याचा तांब्या घेऊन तयारच बसायच्या.

पण हसून झालं की खरा कार्यक्रम सुरू. टीव्ही बंद करून सर उभे राहायचे, आणि मधल्या खोलीत जमलेल्या वीसपंचवीस माणसांपैकी एकेकाला उठवून अभिप्राय घ्यायचे. काय आवडलं, विज्ञानाची कोणती चूक सापडली आणि गुण किती. तिन्ही सांगितल्याशिवाय चहा नाही. आणि "मस्त होतं" म्हणायला सक्त बंदी. एकदा मी घाईत "मस्त" म्हणून गेले. सगळ्यांना चहा आला, माझ्या पुढ्यात रिकामी बशी. मी सरकारी नोकर आहे, म्हटलं. "मंगळावर नाई," सर म्हणाले.

लोकही एकेक वस्ताद. गोदाकाकू म्हणून एक होत्या, कापूस वेचणाऱ्या बायांच्या मुकादमीण, आवाज असा की एका शेतातून तिसऱ्या शेतात ऐकू जावा. त्या उठल्या की सगळे सावरून बसायचे. "आवडली मले सासू. चूक अशी, का मंगळावर हवा नाई म्हनता, मंग तिचा पदर काऊन हालून राह्यला? अन् मार्क सहा. घरमालकानं आज आंघोळ केली नोती." सर ते सगळं गंभीरपणे वहीत उतरवायचे. सोमवारी सकाळी पोस्ट उघडलं की पहिलं गिऱ्हाईक तेच. खुर्ची ओढून मला सांगायचे आणि मी लिहायचं: प्रति, निर्माते, अमुक वाहिनी, मुंबई. विषय, आमच्या गावातील प्रेक्षकांचे अभिप्राय. पदराचा मुद्दा पहिल्या क्रमांकावर. वाहिनीकडून कधी दोन ओळींचं उत्तर आलं नाही. सरांना त्याचं काही नव्हतं. "पोरंही तपासलेला पेपर घरी नेल्यावर बोलत नाईत," म्हणायचे.

आता चाचांचं सांगते, कारण त्यांच्यावाचून ही सभा भरलीच नसती.

रविवारी अकराच्या सुमाराला आमच्या गावची लाईट जाणार म्हणजे जाणारच. तेव्हा टीव्ही चालायचा बॅटरीवर, आणि बॅटरी यायची रशीदचाचांच्या दुकानातून. बसस्टँडाजवळ त्यांचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान, शिवाय गावाच्या खालच्या अंगाला तीन एकर कपाशी. दर रविवारी साडेदहाला चाचा सायकलच्या कॅरिअरवर बॅटरी बांधून आणायचे, ओट्यावर ठेवायचे, खिडकीतून वायर आत सोडायचे आणि तिथंच ओट्यावर बसायचे. आत पाऊल नाही. बॅटरीचा एक चिमटा ढिला होता, तो हातानं दाबून धरला तरच टीव्ही चाले, म्हणून बसायचे असं ते सांगायचे. नवा चिमटा त्यांच्याच दुकानात टांगलेला होता, मी पाहिलाय.

खिडकीतून त्यांना टीव्ही अर्धाच दिसायचा. मंगळाची डावी बाजू तेवढी. त्यांचाही अभिप्राय खिडकीतूनच यायचा आणि तो ऐकायला सगळ्या माना वळायच्या. "घरमालकाचे दोन डोळे मस्त काम करतेत, तिसऱ्याचं मले मालूम नाई. सासूचा हात लय जोरदार हाय. हातावरून बाई देखणी वाटते." चाचांना मात्र 'मस्त' माफ होतं. मी तक्रार केली तर सर म्हणाले, "ते सभेत नाईत. ते ओट्यावर हायत."

दोघं एकमेकांशी थेट अक्षर बोलायचे नाहीत. चाचा खोलीतल्या हवेला उद्देशून बोलणार, सर वहीकडे बघून लिहिणार. चहाचा कप मात्र पहिला खिडकीत जायचा. आणि एक गंमत माझ्या लक्षात आली ती झाडू मारताना. टीव्हीच्या टेबलाच्या पायांच्या खुणा जमिनीवर उमटल्या होत्या, एकीशेजारी दुसरी, दुसरीशेजारी तिसरी. दर रविवारी कुणीतरी टेबल चार बोटं खिडकीकडे सरकवत होतं. मी काकूंना विचारलं. "मी नाई बाप्पा," त्या म्हणाल्या, "माह्याच्यानं ते हालत बी नाई." मग घरात उरलं कोण?

भांडणाची गोष्ट काकूंनीच सांगितली, शेंगा फोडता फोडता.

गावात बीटी कपाशी, म्हणजे खाणाऱ्या अळीला स्वतःच मारणारी कपाशी, नवी नवी आली तेव्हाची गोष्ट. बियाण्याच्या पाकिटात एक लहान पुडी वेगळी यायची. तिच्यात साधं बी, बीटी नसलेलं. ते शेताच्या कडेनं चारी बाजूंनी लावा, असं पाकिटावर लिहिलेलं. लोक चक्रावले. इतकं महागाचं बी घ्यायचं, आणि कडेला अळीसाठी आयतं साधं झाड कशाला लावायचं? शाळेच्या पटांगणात बैठक भरली आणि अर्थातच सगळे सरांकडे बघायला लागले. सरांनी पुडी फोडली, बी तळहातावर घेतलं आणि निकाल दिला, "फेका बांधावर! अळीले घरात घ्यायचं नसन तर अंगणात ताट कायले वाढता?"

तेव्हा एकटे चाचा उठले. म्हणाले, "मास्तर, पुडी देल्ली हाय तर काही मतलब असन. पाहुणा दारात येतेच. त्याले थोडं बाहेर वाढलं, तर तो घरात शिरत नाई."

सर हसले. सगळ्या गावासमोर हसले. "चाचा, तुमी बॅटऱ्या सांभाळा. जीवशास्त्र माह्याजवळ राहू द्या." गाव खदाखदा हसलं. चाचा गप खाली बसले. त्या दिवसापासून त्यांनी सरांच्या उंबऱ्याला पाय लावला नाही, आणि दर सालाला स्वतःच्या शेताच्या कडेनं पुडीतलं बी मात्र बिनचूक लावलं. पोट्टे त्या ओळींना 'चाचाची वरात' म्हणायचे.

"मग बॅटरी का देतात?" मी विचारलं.

"मीही त्यायले तेच पुसलं," काकू म्हणाल्या. "तर म्हने, भाभी, बॅटरीचं कोनाशी भांडन नाई."

हे सगळं मला तोवर विनोदी वाटत होतं, खोटं कशाला बोलू. दोन म्हातारे, एक खिडकी, मधे मंगळ. मग वेचणीचे दिवस आले.

त्या साली कपाशी अशी आली होती, की बघत राहावं. माणसाच्या छातीइतकी झाडं, बोंडांनी लगडलेली. वेचणी सुरू झाली आणि गोदाकाकूंनी पहिलं बोंड उकललं तर आत गुलाबी अळी. दुसऱ्यात अळी. वरून हिरवंगार टचटचीत बोंड आणि आत सडलेली सरकी. ह्या शेतात, त्या शेतात, सगळ्या शिवारात. सरांच्या पाच एकरांत. आणि चाचांच्याही. त्यांनी कडेला ओळी लावल्या म्हणून अळीनं त्यांचं घर वगळलं नाही. अख्ख्या गावानं दार उघडं टाकल्यावर एकट्याच्या कडीनं काय होणार?

लोकांनी उभ्या कपाशीत मेंढरं घातली. गोदाकाकूंच्या बाया घरी बसल्या. दोन रविवार सभा भरली नाही. सर अकरा वाजता टीव्ही लावून एकटेच बसायचे, बाहेर चाचा चिमटा दाबून बसायचे, आणि मंगळावर सासू कुणासाठी तरी उलथनं फिरवत राहायची. कुणी हसायचं नाही. मला तर त्या खोलीत जायला धीर होईना.

मधेच शेतकी खात्याचे एक साहेब येऊन गेले. त्यांनी चावडीवर त्या पुडीचं कोडं उलगडून सांगितलं. बीटी पचवणारी एखादी अळी निघतेच. साध्या झाडांवर साध्या अळ्या जगू दिल्या, की पुढं त्यांची आपसात सोयरीक होते आणि पोरं नरम निघतात, बीटीनं मरतात. साधी झाडंच ठेवली नाहीत तर दांडग्यांची सोयरीक दांडग्यांशीच होते. एका गावानं पुड्या फेकल्या म्हणून ही अळी आली असं नाही, सगळीकडेच कमीजास्त असं झालंय, असंही ते म्हणाले. पण सरांना ते शेवटचं ऐकूच गेलं नसावं. ते घरी आले आणि त्या दिवशी त्यांनी कशालाच गुण दिले नाहीत.

तिसऱ्या रविवारी माणसं परत आली. "घरी बसून तरी काय अळ्या मोजाच्या?" गोदाकाकू म्हणाल्या. भाग झाला, शास्त्रज्ञ म्हणाला, "मंगळच चुकला!" आणि सवयीनं सगळे हसले. सर नाही हसले. अभिप्रायाला गोदाकाकू उठल्या. त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि खोट तर मुळीच नाही. सरळ बोलून गेल्या, "चूक एकच हाय सर. हा शास्त्रज्ञ दुसऱ्याचं छप्पर उडवते अन् सोता कधी म्हनत नाई, का माह्यं चुकलं. तुमी नोतं का म्हनलं पुडी फेका? तसंच."

सरांनी वहीत लिहिलं. अक्षरन् अक्षर लिहिलं. मग म्हणाले, "चहा आना," आणि स्वतःचा कप तसाच थंड होऊ दिला. खिडकीतून त्या दिवशी अभिप्राय आला नाही.

सोमवारी पोस्ट उघडलं. सर खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. "प्रति, निर्माते. आपल्या मालिकेतील शास्त्रज्ञ हा शिकला-सवरलेला गृहस्थ आहे. परंतु तो आपली चूक कबूल करीत नाही, ही अत्यंत शरमेची बाब आहे. त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसांचे नुकसान होते. ज्याचं बरोबर होतं त्याला तो सर्वांसमोर हसला. तरी पुढील भागात त्याने त्या माणसाची माफी मागावी, ही विनंती."

मी लिहिता लिहिता थांबले. मालिकेत शास्त्रज्ञ कुणाला हसला होता? कुणालाच नाही. सर खिडकीबाहेर बघत होते.

पत्र त्यांनी बंद केलं, तिकीट लावून माझ्यासमोर सरकवलं आणि गेले. आता मी जे केलं ते नोकरीच्या नियमात बसत नाही, पण माझी त्यावेळची अक्कल तशीच होती. मी तिकिटावर शिक्का मारलाच नाही. पाकिटावर लाल शाईनं लिहिलं, 'पत्ता चुकीचा, पाठवणाऱ्यास परत', आणि दुपारी टपाल वाटायला निघताना पहिलं पत्र सरांच्या हातात ठेवलं.

सर भडकले. "पत्ता चुकीचा? तीन महिने ह्याच पत्त्यावर जाऊन राह्यलं!"

"आजचं तिथं जायचं नाही सर. ज्याला जायचं तो बसस्टँडाजवळ राहतो. तिकीटही लागत नाही."

"तुमाले काय समजते बे पोष्टाचं!" मला बे म्हणाले, विचार करा. "पत्ता एकदम बरोबर हाय!"

माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "हो ना. पत्ता बरोबर, मंगळच चुकला!"

सर गर्रकन वळले. पाकीट हातात घेऊन आत गेले. जाताना दारावर खडूनं काहीतरी लिहिलं. नंतर बघितलं तर माझ्या दारावर शून्य. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काकू चोरून भाजी आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "रात्रभर कूस बदलून राह्यले. बरं झालं बाई."

पुढचा रविवार मालिकेच्या शेवटच्या भागाचा. झाडून सगळा गाव लोटला. लाईट वेळेवर गेली, चाचा आले, चिमटा दाबून बसले. सर टीव्ही लावायच्या ऐवजी टीव्हीसमोर उभे राहिले. शाळेत प्रार्थनेला उभे राहतात तसे ताठ.

"आज अभिप्राय आधी," ते म्हणाले. "एकच. माहा."

सगळे चपापले. सरांनी स्वतःचा अभिप्राय कधीच दिला नव्हता. ते खिडकीकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ त्या माणसाकडे बघून बोलले, आणि आवाज त्यांचा वाटेना.

"चाचा. त्या पुडीचं. तुमी बरोबर सांगतलं होतं अन् मी साऱ्या गावासमोर तुमाले हसलो. मले काही मालूम नोतं. नुसता खडू होता हातात. माह्यं चुकलं. सिद्धांतच चुकला होता." खिशातला खडू काढून खिडकीत ठेवला. "मार्क द्या."

चाचांनी मान खाली घातली. आधीच घट्ट धरलेला चिमटा आणखी घट्ट धरला.

"दहापैकी?"

"दहापैकी."

चाचांनी पुष्कळ विचार केला. काकूंनी पदर तोंडाला लावलेला. मग खिडकीतून आवाज आला, "साडेसहा."

अशी हसली खोली म्हणता! गोदाकाकू तर हसता हसता रडायलाच लागल्या. सरही हसत होते आणि चष्मा पुसत होते, आणि त्या गोंधळात कुणीतरी म्हणालं, "या ना चाचा आता आत, सासूचं तोंड तर पाहा!" चाचा उठले. उंबऱ्याशी चप्पल काढली, ती नीट सरळ लावली आणि आत येऊन सरांच्याच जागेवर बसले.

टीव्ही सुरू केला तर काळा ठिक्कर. चिमटा धरायला ओट्यावर कुणीच नव्हतं.

चाचा अर्धे उठले तोवर सर म्हणाले, "बसा चाचा. मी जातो." आणि गेले. ओट्यावर मांडी घालून बसले, चिमटा दाबला, आणि मंगळ उजळला. चाचांनी सासूला डोळे भरून पाहिलं, अख्खी, दोन्ही हातांसकट, आणि हळूच मला म्हणाले, "खिडकीतून जास्त देखणी होती."

शेवटच्या भागात शास्त्रज्ञाचं यंत्र असं बिघडलं की खोली, घरमालक, लोणच्याची बरणी सगळंच आकाशात उडालं. शास्त्रज्ञानं कोट झटकला. सगळ्यांनी श्वास धरला. "सिद्धांत बरोबर होता—" तो म्हणाला.

आणि खिडकीतून सर ओरडले, "सांगून टाक बे एकदा! काही होत नाई!"

त्यानं नाही सांगितलं. मंगळच चुकला म्हणाला आणि मालिका संपली. त्याला किती गुण पडले ते मला आठवत नाही, कारण त्या दिवशी कुणी वही उघडलीच नाही. सगळ्यांना चहा मिळाला, 'मस्त' म्हणणाऱ्यांनासुद्धा.

सोमवारी सकाळी पोस्ट उघडायला आले तेव्हा माझ्या दारावरच्या शून्याच्या आधी कुणीतरी सहा लिहून त्याचे साठ केले होते. सरांचंच अक्षर. दहापैकी साठ! मी मोठ्यानं हसले. मग ओट्याकडे लक्ष गेलं. सर काल जिथं बसले होते, बरोबर त्या फरशीवर, कधी खडू न धरलेल्या हातानं काढलेला, थोडा वाकडा, मोठा आकडा होता. सात.

काकू बादली घेऊन ओटा धुवायला आल्या. त्यांनी तो आकडा पाहिला, आत डोकावून सरांकडे पाहिलं, आणि तेवढी एक फरशी सोडून सगळा ओटा धुतला.